चांगला खेळतो, म्हणून चांगला शिकवेल?

मे महिन्यात वर्ध्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तरी टेबल टेनिसच्या हॉलमधले पंखे बंद ठेवावे लागतात. चेंडू जेमतेम २.७ ग्रॅमचा, वाऱ्याने भरकटतो. कूलर लावावा तर दमट हवेने रबर घसरू लागतं. वर्षानुवर्षं खेळलेल्या माणसाला हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. मग हॉलमध्ये कुणीतरी म्हणतंच, "काका, आता तुम्हीच पोरांना शिकवा." सूचना चांगली आहे, पण तिच्या आसपास बरेच गैरसमज आहेत.

सगळ्यात पक्का समज म्हणजे ज्याला खेळता येतं त्याला शिकवता येतंच. मुरलेल्या खेळाडूचा हात सवयीने चालतो. टॉपस्पिन मारताना कंबर कधी वळली, वजन कुठल्या पायावर गेलं, हे त्याला सांगता येत नाही. तो "असं मार" म्हणून करून दाखवतो. पण टेबलाची उंची ७६ सेंटिमीटर. सात वर्षांच्या मुलाच्या ते बेंबीच्या वर येतं, त्यामुळे मोठ्यांसारखा खालून वर जाणारा फटका त्याला जमणार कसा? चीनचा ऑलिम्पिक विजेता लिऊ गुओलियांग स्वतः पेनहोल्ड पकडीने खेळायचा. २००३मध्ये, वयाच्या अवघ्या २७व्या वर्षी तो चीनच्या पुरुष संघाचा कोच झाला. त्याच्या हाताखाली ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलेले झांग जिके आणि मा लाँग मात्र शेकहँड पकडीचे. स्वतःची नक्कल करायला लावून ते घडले नसते.

कोचने शिष्याला हरवून दाखवलं पाहिजे, हा दुसरा समज. त्याचं उत्तर चेन्नईच्या व्ही. चंद्रशेखर यांच्या आयुष्यात आहे. ते तीन वेळचे राष्ट्रीय विजेते. १९८४मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत गुंतागुंत झाली आणि दृष्टी, चालणं, बोलणं सगळ्यावरच परिणाम झाला. खेळाडू म्हणून कारकीर्द तिथेच संपली. नुकसानभरपाईसाठी ते न्यायालयात वर्षानुवर्षं लढले, आणि पुन्हा टेबलाशी आले ते शिकवायला. चेतन बबूर, एस. रामन, जी. सत्यन हे त्यांच्या हाताखालून गेलेले खेळाडू. पुढे रामन यांनीही सत्यनला घडवलं आणि त्यांना २०२१चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. मे २०२१मध्ये कोविडने चंद्रशेखर गेले. शिष्याला हरवण्याचा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता, आणि त्याने काही अडलं नाही.

रोजच्या सरावातही कोचला धावावं लागत नाही. मल्टिबॉलमध्ये तो चेंडूंची टोपली शेजारी घेऊन उभा राहतो आणि एकामागून एक चेंडू देत जातो: एक डावीकडे आखूड, पुढचा उजवीकडे खोल, मध्येच एक फिरकीचा. धावतो तो खेळाडू. कोचचं लक्ष त्याच्या पायांवर असतं.

"आमच्या वेळी" हा शब्दप्रयोग मात्र घातक ठरू शकतो. २१ गुणांचा गेम २००१मध्ये ११ गुणांवर आला. त्याआधीच्या वर्षी चेंडू ३८ मिलिमीटरचा ४० झाला होता, पुढे सेल्युलॉइड जाऊन प्लॅस्टिक आलं. २००२पासून सर्व्हिस करताना मोकळ्या हाताआड चेंडू लपवणं बंद झालं. जुन्या खेळाडूची सगळ्यात लाडकी सर्व्हिस आज फाउल असू शकते. ती पोरांना शिकवली, तर पहिल्याच स्पर्धेत पंच गुण प्रतिस्पर्ध्याला देतील. सामन्यात कोचने फक्त गेम संपल्यावरच बोलायचं, हा नियमही २०१६मध्ये बदलला. आता दोन गुणांच्या मधेही सूचना देता येते.

आणि मोठं यश परदेशी कोचमुळेच येतं, असं मानणाऱ्यांनी २०१८च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेकडे बघावं. भारताच्या महिला टेबल टेनिस संघाने सुवर्ण जिंकलं तेव्हा कोच इटलीचे मासिमो कोस्टँटिनी होते, हे खरं. पण त्या संघातली मधुरिका पाटकर घडली ती ठाण्यात, शैलजा गोहाड यांच्याकडे.

शिकवण्याचंही शिक्षण असतं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, आंतरराष्ट्रीय महासंघाचे टप्प्याटप्प्याचे कोचिंग कोर्स आहेत. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावमध्ये आयुष्यभर बॅट धरलेल्यांनी त्यांची चौकशी करावी, आणि पोरांसमोर उभं राहण्याआधी आजचं नियमपुस्तक एकदा पहिल्या पानापासून वाचावं.