मवाबाची दुसरी वही

लहान राष्ट्रांच्या वाट्याला स्वतःचा इतिहास क्वचितच येतो. त्यांची ओळख उरते ती शेजाऱ्याच्या ग्रंथांत, आणि तीही शेजाऱ्याच्या रागलोभासकट. मृत समुद्राच्या पूर्वेस, आजच्या जॉर्डनमध्ये असलेला मवाब हा प्राचीन प्रदेश आणि त्याच नावाने ओळखले जाणारे तेथील लोक यांचे असेच झाले. बायबलच्या पहिल्या पुस्तकात त्यांच्या मूळपुरुषाचा जन्म बाप-लेकीच्या संबंधातून झाल्याचे सांगितले आहे. मवाबी मनुष्याला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत प्रवेश नाही, असा निर्बंधही त्याच ग्रंथात आहे. शेजाऱ्याविषयी इतके कठोर का लिहिले जावे, याचे उत्तर शोधताना धर्माइतकेच जमिनीकडेही पाहावे लागते.

मृत समुद्राची पातळी सागरसपाटीच्या चारशे मीटरांहून अधिक खाली आहे. त्याच्या पूर्वेचा कडा चढून गेले की हजार मीटरांच्या आसपास उंचीचे पठार लागते. आर्णोन नदीच्या, म्हणजे आजच्या वादी मुजिबच्या, खोल घळीने त्याचे दोन भाग केले आहेत. पठाराच्या पश्चिम भागात हिवाळी पावसावर गहू व जव पिकतात. पूर्वेकडे पाऊस उणावतो आणि शेतीची जागा मेंढपाळी घेते. दमास्कसकडून तांबड्या समुद्राकडे जाणारी जुनी व्यापारी वाटही येथूनच जात असे. बेथलेहेमात दुष्काळ पडला तेव्हा एक कुटुंब मवाबात जगायला गेले, असे रूथच्या पुस्तकात म्हटले आहे. पठाराच्या सुबत्तेची ती शेजाऱ्याने दिलेली कबुलीच होय. आर्णोनच्या उत्तरेकडील सपाट जमिनीवर तर मवाब आणि इस्राएल या दोघांचाही दावा होता.

इसवी सनपूर्व नवव्या शतकात इस्राएलचा राजा अम्री याने हा उत्तरेचा भाग जिंकला. बायबलच्या 'राजे' या ग्रंथात मवाबाचा राजा मेशा याचे वर्णन मेंढ्या पाळणारा असे येते. तो इस्राएलला एक लाख कोकरे आणि एक लाख एडक्यांची लोकर देत असे. हा आकडा शब्दशः घेण्याचे कारण नाही. पण खंडणी कोणत्या रूपात जात होती, हे त्यावरून कळते. ज्या पठाराचे चलन लोकर हेच होते, त्याची वाढ दर वेळी दुसऱ्याच्या राजधानीकडे वाहून जात होती.

१८६८ साली क्लाइन नावाच्या मिशनऱ्याला दिबान येथे, म्हणजे मवाबाच्या जुन्या दीबोन नगरीत, काळ्या बेसॉल्टचा एक कोरीव दगड दाखवण्यात आला. त्यावरील चौतीस ओळी मेशाच्याच होत्या, आणि त्यांची भाषा हिब्रूला अगदी जवळची होती. आपला देव कमोश देशावर रागावला होता म्हणून अम्रीने मवाबाला दीर्घकाळ गांजले, असे मेशा म्हणतो. मग तो आपल्या विजयांची आणि बांधकामांची यादी देतो. त्याने नगरे वसवली, आर्णोनजवळ रस्ता केला आणि करहो येथे पाण्याची सोय नसल्याने प्रत्येक घरमालकाला आपल्या घरात पाण्याचे टाके खोदण्यास सांगितले. खंडणी थांबली की राज्याची शक्ती कोठे वळते, याचा इतका जुना आणि इतका स्पष्ट दाखला क्वचितच मिळतो.

जमाखर्चाच्या दोन वह्या शेजारी ठेवाव्यात तसे हे दोन लेख वाचले पाहिजेत. एका वहीत जी लोकर जमा आहे, ती दुसरीत छळ म्हणून नोंदली आहे. बायबलच्या मते अहाबाच्या मृत्यूनंतर मेशाने बंड केले. शिलालेखानुसार अम्रीच्या पुत्राच्या कारकिर्दीच्या मध्यावरच सत्ता ढळली. इस्राएल, यहूदा व अदोम या तीन राज्यांनी मिळून केलेल्या स्वारीबद्दल दगड मुका आहे; मेशाने जिंकलेल्या गावांबद्दल ग्रंथ मुका आहे.

तथापि दुबळ्याची वही म्हणून ती निष्कलंक ठरत नाही. नबो येथे सात हजारांची कत्तल करून ती देवतेला अर्पण केल्याचे मेशा अभिमानाने सांगतो. करहोचे खोदकाम त्याने इस्राएली कैद्यांकडून करवून घेतले. सुटका झालेल्या राज्याने जुलमाची तीच रीत उचलली, हे दगडच सांगतो. दुसरी बाजू ऐकायची ती तिला निर्दोष ठरवण्यासाठी नव्हे, हिशेब पुरा व्हावा म्हणून.

दगडाचे पुढे जे झाले तेही बोधप्रद आहे. त्याच्यासाठी युरोपीय राष्ट्रांत चढाओढ लागली, उस्मानी अधिकाऱ्यांनी दडपण आणले, आणि १८६९ साली तेथील बेदुईन टोळीने तो तापवून, वर गार पाणी ओतून फोडला. क्लेर्मों-गानो या फ्रेंच अभ्यासकाने आधीच घेतवलेला कागदी ठसा आणि हाती आलेले तुकडे यांवरून तो पुन्हा जुळवला गेला. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. वरून येणाऱ्या मागण्यांना विटलेल्या माणसांनीच, अशाच मागण्यांविरुद्ध उठलेल्या राजाचा लेख फोडावा, हा इतिहासाचा विचित्र न्याय म्हटला पाहिजे.

इसवी सनपूर्व सहाव्या शतकानंतर मवाबाचे राज्य उरले नाही. पण ज्या ग्रंथाने मवाबींना दार बंद केले, त्याच ग्रंथात दावीद राजाची पणजी म्हणून रूथ ही मवाबी स्त्री सन्मानाने उभी आहे. शेजाऱ्याच्या वहीतही कधीकधी दुसऱ्याची खरी नोंद राहून जाते; वाचणाऱ्याने ती शोधली मात्र पाहिजे.