संकुचित ठळक मुद्राक्षर

मथळे, भित्तिपत्रके, वेष्टने, नामफलक इ. ठिकाणी दुरून नजरेत भरावे म्हणून वापरले जाणारे, जाड रेषांचे आणि उंचीच्या मानाने रुंदी कमी असलेले मुद्राक्षराचे वळण. रोमन लिपीतील अशा काही वळणांत रेषांच्या टोकांना आडवी पुच्छे (सेरिफ) असतात व ती कधीकधी अलंकृत केलेली असतात. सलग वाचनासाठी हे वळण नसते; चार-दोन शब्द ठसठशीतपणे मांडणे एवढेच त्याचे काम.

ग्रंथांसाठी घडविलेले अक्षरच मोठ्या आकारात ओतून मथळ्यासाठी वापरण्याची यूरोपातील रीत एकोणिसाव्या शतकारंभी मागे पडली. जाहिराती वाढल्या, तशी अधिक काळ्याभोर अक्षरांची मागणी होऊ लागली. लंडनमध्ये रॉबर्ट थॉर्न यांनी सु. १८०३ मध्ये अतिजाड वळण आणले. व्हिन्सेंट फिगिन्झ यांचे चौकोनी पुच्छांचे वळण १८१५ च्या सुमारास आले, तर रॉबर्ट बेझ्ली यांचे ‘क्लॅरेंडन’ १८४५ मध्ये. मात्र शिशाचे मोठे खिळे जड व महाग पडत. न्यूयॉर्कच्या डेरिअस वेल्स यांनी १८२७ मध्ये लाकडी अक्षरे यंत्राने कोरण्यास प्रारंभ केला. पुढे १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थ यांनी त्या यंत्राला आकृतिलेखकाची (पँटोग्राफची) जोड दिल्यावर एकाच नमुन्यावरून लहानमोठी अक्षरे कोरता येऊ लागली. कागदाची रुंदी ठरलेली असते. तेव्हा लांब शब्द मोठा दिसायचा, तर अक्षर उंच व अरुंद करणे एवढाच मार्ग उरतो. संकुचित वळणाचा उगम या साध्या अडचणीत आहे, सजावटीच्या हौसेत नव्हे.

देवनागरीत ही अडचण तीच असली, तरी तोडगा तसाच्या तसा लागू पडत नाही. रोमन मथळा बहुधा मोठ्या लिपीत जुळवितात व त्या अक्षरांना वरखाली काही जोडावे लागत नाही. देवनागरीत मोठी लिपी नाहीच. शिवाय शिरोरेखेवर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार यांना जागा ठेवावी लागते. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा तालुक्यांत आढळणारे ‘निडी’ हे ग्रामनाम पाहावे. रोमन लिपीत त्याची चार अक्षरे होतात व त्यांतील दोन म्हणजे केवळ एकेक उभी रेघ. देवनागरीत अक्षरे दोनच. पण वेलांट्यांचे दोन काने, ‘न’ची स्वतःची उभी रेघ, ‘ड’चे वळसे आणि शिरोरेखेवरच्या दोन कमानी, एवढा ऐवज त्याच जागेत बसवावा लागतो. उंची वाढवावी, तर तिचा बराच भाग कमानीच घेतात.

याहून गंभीर प्रश्न अक्षराच्या ओळखीचा आहे. ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’, ‘थ’ व ‘य’ यांतील भेद शिरोरेखेच्या लहानशा खंडावर किंवा गाठीवर, तर ‘ब’ व ‘व’, ‘ष’ व ‘प’ यांतील भेद पोटातील एका तिरक्या रेघेवर अवलंबून असतो. रेषा जाड व अक्षर अरुंद केले, की प्रथम हेच पोकळ भाग शाईने बुजतात. ‘ख’ तर ‘रव’ असाही वाचला जातो. रोमन वळणाचे अनुकरण करून उभ्या रेषा जाड व आडव्या केसासारख्या बारीक केल्यास शिरोरेखाच क्षीण होते आणि शब्द बांधून ठेवणारा दुवा निखळतो. देवनागरीला निराळ्या पुच्छांची गरज नाही. ते काम शिरोरेखाच करते.

मुंबईत जावजी दादाजी चौधरी (१८३९–९२) यांनी १८६४ मध्ये ओतशाळा व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांमुळे तेथील खिळ्यांना कीर्ती लाभली. पण ती ग्रंथमुद्रणाच्या वाचनसुलभ अक्षरांची कीर्ती होय. जोडाक्षरांसह देवनागरीच्या एका संचात खिळ्यांची संख्या काही शेकड्यांत जात असल्याने केवळ मथळ्यासाठी निराळा पूर्ण संच कोरणे परवडण्याजोगे नव्हते. त्यामुळे हे क्षेत्र दीर्घकाळ शिळाछाप, रंगारी आणि ब्लॉककार यांच्याकडे राहिले. एस.टी.च्या पाटीवर ‘पेण’ ऐसपैस व ‘नागोठणे’ आवळून लिहिणारा रंगारी ही समस्या दर वेळी नव्याने सोडवीत असे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची जी शीर्षके रेखाटली, ती या हस्तांकित परंपरेतील सर्वांत समर्थ होत. एका शीर्षकासाठी रेखाटलेले अक्षर दुसऱ्या शब्दात निमूटपणे बसेलच असे नाही, हे मात्र या पद्धतीचे वैगुण्य.

संगणकीय जुळणीने नवा धोका आणला. एका आज्ञेने अक्षराची रुंदी दाबता येते. पण मग काने बारीक होतात आणि शिरोरेखेची जाडी कायम राहते. फलकांवर असे चिरडलेले मथळे सर्रास दिसतात. संकुचित अक्षर दाबून होत नाही, ते मुळापासून रेखाटावे लागते. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने (स्थापना २००९) ‘टेको’ व ‘खंड’ ही अरुंद देवनागरी वळणे तशा रीतीने सिद्ध केली. ती पुच्छहीन प्रकारातील आहेत. तिच्याच ‘रोझा वन’मध्ये (२०१४) टिम डोनल्डसन यांची रोमन व ज्योतिष सोनोवाल यांची देवनागरी अक्षरे असून जाड-बारीक रेषांचा जुना विरोध त्यात आढळतो. ते ठळक आहे, पण संकुचित नाही.