तलवार उतरली, विद्या सर्वांकडे आली

कराटे, ज्युदो, आयकिडो ही नावे आता आपल्या वस्तीतल्या मुलामुलींच्याही तोंडी असतात. पण या विद्यांचे जपानी तलवारीशी नाते काय, हे फारसे कोणी सांगत नाही. ते आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

जपानात तलवार हे नुसते हत्यार नव्हते, वरच्या वर्गाची ती खूण होती. १५८८ साली हिदेयोशी या सत्ताधीशाने हुकूम काढून शेतकऱ्यांच्या तलवारी, भाले, बंदुका काढून घेतल्या. कारण काय दिले? या लोखंडाचे खिळे बुद्धांच्या भव्य मूर्तीच्या कामी येतील, त्यात तुमचेच कल्याण आहे! बुद्धांचे नाव पुढे करून कष्टकऱ्याला निःशस्त्र केले गेले. पुढे कमरेला दोन तलवारी लावण्याचा मान सामुराईंचाच राहिला.

१८७६ साली सरकारने हा मानही काढून घेतला. लष्कर, पोलीस असे काही अपवाद सोडता तलवार लावून फिरण्यास बंदी आली. पण तलवार उतरली तरी विद्या संपली नाही. बांबूच्या तलवारीने खेळला जाणारा केंडो हा तिचा थेट वारस. तलवार हातात नसताना झुंजायचे कसे, यासाठी सामुराई जुजुत्सू शिकत. त्यातूनच जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतील एइशोजी या बुद्धविहारात ज्युदो सुरू केला. १९११ पासून जुजुत्सू आणि तलवारीचे शिक्षण माध्यमिक शाळांतही देता येऊ लागले.

मोरिहेई उएशिबा यांच्या आयकिडोत तर तळहाताच्या कडेलाच ‘तेगाताना’ म्हणजे हाताची तलवार म्हणतात.

कराटेचे घराणे मात्र वेगळे. ही ओकिनावा बेटावरची रिकाम्या हातांची विद्या. १९२२ साली गिचिन फुनाकोशी यांनी ती टोकियोत दाखवली. पुढे तिने पांढरा पोशाख आणि काळा पट्टा ज्युदोकडून घेतला. ज्युदोची ‘दान’ ही श्रेणी केंडोनेही स्वीकारली. म्हणजे देणेघेणे दोन्ही बाजूंनी झाले.

या सर्वांना जोडणारा धागा एकच : समोरच्यापासून नेमके अंतर राखा आणि वार झाल्यावरही सावध राहा. सतराव्या शतकात ताकुआन या भिक्खूने एका तलवारबाजाला लिहून कळवले होते, की मन समोरच्याच्या तलवारीवर अडकले तर माणूस हरतो.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकपासून महिलाही ज्युदोत पदके मिळवू लागल्या. विद्या कोणा एका वर्गाच्या कमरेला बांधून राहत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, मुलाबरोबर मुलीलाही शिकायला पाठवा.