एक मंडळी, अनेक रीती

तारीख २९ नोव्हेंबर १९७०. स्थळ : नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलचे आवार. त्या दिवशी सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांनी आपापली जुनी नावे बाजूला ठेवली आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' या एका नावाखाली त्या एकत्र आल्या. अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेतून आलेले होते, बॅप्टिस्ट होते, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट होते, ब्रदरेन होते आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्टही होते. या एकीची बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली होती. म्हणजे लग्न ठरायला तब्बल एकेचाळीस वर्षे लागली!

एवढा वेळ का लागावा? सगळ्यांचा देव एक, प्रभू एक, बायबल एक. मग अडले कुठे? या प्रश्नाच्या उत्तरात ख्रिस्ती समाजालाच नव्हे, तर चार माणसांनी एकत्र नांदायचे ठरवलेल्या कुठल्याही घराला उपयोगी पडेल असे बरेच काही आहे.

गावावरून ठरलेला पंथ

भारतातल्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती माणसाचा पंथ बहुधा त्याने स्वतः निवडलेला नव्हता. कोणत्या देशाचे मिशनरी त्याच्या जिल्ह्यात आले, यावर तो ठरला. महाराष्ट्राचाच नकाशा पाहा. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आले आणि पुढे अहमदनगरकडे (आताचे अहिल्यानगर) वळले. ते काँग्रिगेशनल. मिरज-कोल्हापूरकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन, नागपूरला स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन, नाशिकला अँग्लिकन, तर डहाणूच्या बाजूला ब्रदरेन. एकमेकांच्या कामात ढवळाढवळ नको म्हणून मिशनांनी आपापसात प्रदेशही वाटून घेतले होते. त्यामुळे नगरचा माणूस काँग्रिगेशनल झाला आणि नाशिकचा अँग्लिकन. युरोप-अमेरिकेतल्या जुन्या भांडणांशी दोघांचाही काडीमात्र संबंध नव्हता.

ही विसंगती पंडिता रमाबाईंच्या चटकन लक्षात आली होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण ख्रिस्ती झाल्यावर इतके पंथ समोर पाहून त्या गोंधळल्या आणि एकाच पंथाच्या चौकटीत स्वतःला बांधून घ्यायला त्यांनी नकार दिला. केडगावचे त्यांचे 'मुक्ती' सदन कोणा एका पंथाचे झाले नाही. निराधार बाई दारात आली की तिला आसरा द्यायचा, हा तिथला पहिला धर्म होता.

अझरय्यांचे स्वप्न

दक्षिणेत हाच सल व्ही. एस. अझरय्या यांना होता. १९१२ मध्ये ते अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप झाले. दोर्नकल हे त्यांचे क्षेत्र. १९१९ मध्ये ट्रांकेबार येथे ते आणि इतर पंथांचे सहकारी एकत्र जमले. बहुतेक सारे भारतीय. ज्या देशात आपण मूठभर आहोत, त्या देशात आपण आपल्या फाटाफुटी मिरवत प्रेमाचा संदेश कसा द्यायचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. हे भेद आपण निर्माण केलेले नाहीत आणि ते पुढे चालवण्याची आपली इच्छाही नाही, अशी त्यांची भूमिका होती.

वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने आपल्या अनुयायांच्या ऐक्यासाठी प्रार्थना केली, असे योहानाचे शुभवर्तमान सांगते. ट्रांकेबारच्या मंडळींना त्या प्रार्थनेचे ऋण फेडायचे होते. २७ सप्टेंबर १९४७ रोजी, देश स्वतंत्र झाल्यानंतर सहा आठवड्यांनी, मद्रासच्या सेंट जॉर्जेस कॅथीड्रलमध्ये 'चर्च ऑफ साउथ इंडिया' जन्माला आले. बिशप मानणारे आणि न मानणारे अशा दोन्ही परंपरा एका मंडळीत येण्याची जगातली ही पहिलीच वेळ. तो दिवस पाहायला अझरय्या मात्र नव्हते. १ जानेवारी १९४५ रोजी त्यांचे निधन झाले होते.

कोणी काय सोडले?

एकी म्हटली की कोणीतरी काहीतरी सोडायचे, हे ओघाने आलेच. प्रश्न असतो तो कोणी आणि किती, हा.

पहिला पेच बिशपांचा. अँग्लिकनांना बिशपाशिवाय मंडळी ही कल्पनाच पटेना. प्रेस्बिटेरियनांचा कारभार वडीलजनांच्या सभेवर चाले. काँग्रिगेशनल म्हणत, प्रत्येक मंडळी आपल्या निर्णयाला स्वतंत्र. तोडगा असा निघाला की बिशप असावेत, सभाही असावी आणि स्थानिक मंडळीचा आवाजही राहावा. १९४७ मध्ये दक्षिणेत जे बिशप झाले, त्यांत लेस्ली न्यूबिगिन होते. ते स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे मिशनरी. ज्या परंपरेत बिशप नाहीत, त्या परंपरेतला माणूस मदुराईचा बिशप झाला!

दुसरा पेच पाळकांच्या दीक्षेचा. कोणाची दीक्षा खरी, कोणाची अपुरी? 'तुमची अपुरी' असे म्हटले की बोलणी तिथेच मोडणार. उत्तर भारतात त्यावर एक सुंदर मार्ग निघाला. सर्व मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी परस्परांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करायची. प्रत्येकाने आपल्याकडचे द्यायचे, दुसऱ्याचे घ्यायचे आणि कोणाचे किती उणे होते हा हिशेब देवावर सोपवायचा. देणाराही वाकतो, घेणाराही वाकतो. नम्रता या सद्गुणावर शेकडो प्रवचने झाली असतील, पण ती प्रत्यक्षात कशी दिसते हे त्या कृतीने दाखवले.

तिसरा पेच बाप्तिस्म्याचा, आणि तो सर्वांत अवघड. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट, ब्रदरेन आणि डिसायपल्स म्हणतात, माणसाने जाणत्या वयात स्वतः विश्वास ठेवून पाण्यात उतरावे. दोन्ही बाजू बायबलचाच आधार देतात. नव्या मंडळीने दोन्ही पद्धती मान्य केल्या. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एकाने बाळाला बाप्तिस्मा द्यावा आणि दुसऱ्याने बाळासाठी आशीर्वाद मागून ते मोठे होण्याची वाट पाहावी. कोणीही कोणाला कमी लेखू नये.

या साऱ्यामागे एक वचन होते. दक्षिणेच्या एकीकरणात ते स्पष्टपणे दिले गेले होते : कोणाच्याही सदसद्विवेकबुद्धीवर मात करायची नाही आणि एखाद्या मंडळीवर तिला न रुचणारी उपासनेची रीत किंवा पाळक लादायचा नाही. बहुमत हातात असूनही ते न वापरण्याचे हे वचन होते. एकी टिकली ती मुख्यतः या संयमावर.

जे आले नाहीत, तेही आपलेच

सगळेच आले असे मात्र झाले नाही. अमेरिकन परंपरेची मोठी मेथडिस्ट मंडळी वर्षानुवर्षे बोलण्यांत होती. पण १९७० च्या ऑगस्टमध्ये, अगदी तोंडावर, तिने न येण्याचा निर्णय घेतला. घाव मोठा होता. तरी सोहळा थांबला नाही, आणि न आलेल्यांशी नातेही तुटले नाही. भिन्न घरांत राहूनही भावकी टिकते, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. पुढे १९७८ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि केरळची मार थोमा मंडळी यांनीही हेच केले. विलीन न होता त्यांनी एक संयुक्त परिषद स्थापन केली.

कॅथलिक चर्चमध्ये अनेकता वेगळ्या रूपात नांदते. भारतातल्या कॅथलिकांच्या तीन उपासना-परंपरा आहेत : लॅटिन, सिरो-मलबार आणि सिरो-मलंकारा. तिन्ही पोपना मानतात, पण त्यांचे पूजाविधी निरनिराळे. महाराष्ट्रातल्या मल्याळी भाविकांसाठी १९८८ मध्ये कल्याणचा सिरो-मलबार धर्मप्रांत झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सा करण्याचा मार्ग मोकळा केला. वसईत मराठीतून मिस्सा होऊ लागली. शेजारची मंडळी कोकणीत प्रार्थना करोत की इंग्रजीत, श्रद्धा तीच, हे शिकायची संधी एकाच शहरात मिळाली.

खरी परीक्षा पंगतीत

पंथांचे भेद परदेशातून आले. पण एक भेद इथल्याच मातीतला, आणि तो जास्त चिवट. तो म्हणजे जात. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीत जातिभेद चालणार नाही, असा आदेश काढला, तेव्हा दक्षिणेत अनेकांनी मंडळीच सोडली. तमिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतही जातीची भिंत उभी राहिली. मेल्यावरही शेजार नको! भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ मध्ये दलित ख्रिस्ती बांधवांविषयी स्वतंत्र धोरण जाहीर केले. तसे करावे लागले, यातच दुखण्याची खोली कळते. करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून पौलाने त्यांची कानउघाडणी केली होती. पंगतीचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

तो सुटतो कसा, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये वाचायला मिळते. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंना जग बुडाल्यासारखे वाटले. पुढे पतीबरोबर राहायला आल्यावरही त्यांचे सोवळेओवळे सुटले नव्हते. टिळकांनी धर्मांतराची सक्ती केली नाही. हळूहळू, स्वतःशी झगडत, लक्ष्मीबाईंच्या मनातली शिवाशीव गळून पडली आणि १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या. एकाने थांबायचे आणि दुसऱ्याने आतून बदलायचे, एवढ्या दोन गोष्टींत मोठमोठ्या परिषदांचे सार आले.

मालमत्तेचाही पेच आहेच. गुजरातमधील ब्रदरेन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. केवळ एकीकरणाचा ठराव झाला म्हणून विश्वस्त संस्थेची मालमत्ता नव्या मंडळीकडे जात नाही, असा निकाल २०१३ मध्ये लागला. प्रार्थना एकत्र करणे सोपे असते, किल्ल्या एकत्र ठेवणे कठीण.

म्हणून ऐक्य हे एकदा सोहळा करून संपणारे काम नाही. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा सप्ताह जगभर ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेसाठी पाळला जातो. पण उरलेले एक्कावन्न आठवडे अधिक महत्त्वाचे. शेजारच्या बाकावरच्या माणसाची भाषा वेगळी असेल, त्याचे आडनाव जात सांगत असेल, त्याची प्रार्थना आपल्यापेक्षा लांबलचक असेल. त्याला सरकून जागा द्यायची की नाही, हा निर्णय कोणतीही परिषद घेत नाही. तो दर रविवारी प्रत्येकाला स्वतःच घ्यावा लागतो.