मावळांतील रानफुलांची ओळख

परंदवडीच्या शेतकऱ्यास डोंगर परका नाहीं; परंतु डोंगरावरील फुलें तो नांवानिशीं क्वचितच ओळखतो. आषाढ-श्रावणांत पिंवळ्या-तांबड्या पाकळ्यांची कळलावी फुलते. तिचा कंद अत्यंत विषारी, सबब मुलांस व गुरांस जपावें. भाद्रपदाच्या सुमारास गुलाबी तेरडा उतार झांकून टाकतो. त्याचीं पिकलेलीं बोंडें हात लागतांच फुटतात. मागोमाग सोनकीचा पिंवळा बहर येतो. जांभळी कारवी मात्र सात वर्षें वाढून एकदांच फुलते, बीं धरते व मरते. तेव्हां कुडासाठीं काठ्या तोडणारानें बहराच्या वर्षीं बीं गळेपर्यंत धीर धरावा. न धरल्यास पुढील रानच खुंटेल. फाल्गुनांत पळस फुलतो. वाचकहो, मुलांस हीं नांवें बांधावरच शिकवावीं.