पडवीत उभे राहून शिकायचा सेक्शन

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला जागेची रचना करायला सांगितली की बहुतेक विद्यार्थी कागदावर चौकोन काढतात आणि त्यांना खोल्यांची नावे देतात. त्या प्लॅनमध्ये उंची नसते, उजेडही नसतो. म्हणून शिकवणे सेक्शनपासून, म्हणजे घर उभे कापल्यावर दिसणाऱ्या छेदापासून सुरू करावे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी कोकणातल्या म्हसळ्याच्या बाजूचे एखादे जुने कौलारू घर निवडावे.

घरमालकाची परवानगी घेऊन टेप, वही आणि पेन्सिल एवढेच आत न्यायचे. अंगणातून जोत्याच्या पायऱ्या चढून पडवी, मग माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि परसू. प्रत्येक ठिकाणी थांबून डोक्यावर किती उंची आहे, उजेड कुठून येतो आणि पुढचे किती दिसते, एवढेच टिपायचे.

पडवीत जरा जास्त वेळ थांबा. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणून भिंतीवर झड येऊ नये इतके छप्पर खाली उतरवलेले असते. समजा, पडवीच्या कडेला ते 1.8 मीटरवर आहे आणि त्याचा उतार 30 अंशांचा आहे. तीन मीटर आत गेलो की ते सुमारे 1.7 मीटर चढते, म्हणजे माजघराच्या दाराशी डोक्यावर साडेतीन मीटर. एकाच छपराखाली माणूस आधी वाकतो आणि मग सैल होतो. हा हिशेब विद्यार्थ्याने स्वतः मांडायला हवा, कारण रचना त्यातच आहे.

मग स्टुडिओत 1:50 प्रमाणात पांढऱ्या माउंटबोर्डचे मॉडेल. पडवीची कड 3.6 सेंटिमीटरवर येते, कापलेला माणूस 3.2 सेंटिमीटरचा. रंग, फर्निचर काही नको. मोबाइलचा टॉर्च सूर्याच्या जागी धरून डोळा मॉडेलच्या उंचीला आणा. आता एकच बदल करा: पडवीची कड 6 सेंटिमीटरवर न्या. उजेड थेट माजघरात शिरतो, सावलीची पायरी नाहीशी होते आणि माजघर उंच वाटेनासे होते, त्याची उंची तसूभरही बदललेली नसताना.

खोल्यांची नावे यानंतरच काढून टाकावीत. 15 सेंटिमीटरच्या घनात ठेंगणी, अंधारी आणि उंच अशा तीन जागा एकमेकींत गुंफायला द्या. असे अमूर्त स्वाध्याय 1919 मध्ये वायमारला सुरू झालेल्या बाउहाउसच्या पायाभूत अभ्यासक्रमाने जगभर नेले. ते मोलाचे आहेतच. पण अंगाने अनुभवलेली एक पडवी पाठीशी नसेल तर हातात निव्वळ ठोकळे उरतात.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातल्या असंख्य घरांची कौले उडाली. शिक्षकांनो, उरलेल्या घरांचे सेक्शन या वर्षीच मोजून घ्या.