टबाच्या कडेची फट

टब बसला की गवंडी टाइल लावायची घाई करतो. त्याला जरा थांबवा. टाइल आणि ग्राउट पाणी पूर्ण अडवत नाहीत. अडवतो तो टाइलमागचा वॉटरप्रूफिंगचा थर. आमच्याकडे तो टबाच्या काठापर्यंत नेलाच नव्हता. खालच्या वहिनींच्या छताला ओल आली, आणि नवी कोरी भिंत आम्हाला पुन्हा फोडावी लागली! या वेळी थराचे दोन हात दिले, कोपऱ्यांत जाळीची पट्टी लावली, सगळं वाळल्यावरच टाइल. टब आणि टाइल यांच्यामधल्या फटीत मात्र सिमेंट नको, ते तडकतं. आधी टब पाण्याने भरायचा, म्हणजे वजनाने खाली बसायचा तेवढा बसतो. मग फटीत सिलिकॉन भरायचं आणि ते सुकल्यावरच टब रिकामा करायचा. टबाखालच्या पाइपापर्यंत हात पोहोचेल अशी छोटी झडपही ठेवून घ्या.